तळघराच्या कोब्याला टिकाऊ रंग : सप्टेंबर ते जुलै, कामाच्या नोंदी

मी लाकूडकाम करते आणि तळघर हीच माझी कामाची जागा आहे. जमीन २८ फूट बाय १८ फूट, म्हणजे ५०४ चौरस फूट, साधारण ४७ चौरस मीटर. खाली ४ इंच जाडीचं काँक्रीट, वरून गुळगुळीत घोटलेला कोबा. या कोब्याला आजवर दोनदा रंग लागला आणि दोन्ही वेळा खराब झाला. तिसऱ्या वेळी मी वही ठेवली. ज्यांना हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी ती इथे उतरवते आहे. चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

१२ सप्टेंबर

सकाळी खरवडणी घेऊन बसले. डोक्यात एकच प्रश्न होता, या वेळी सगळ्यांत पक्का डबा कोणता आणायचा. खोलीच्या मध्यावरचा तळहाताएवढा पोपडा अलगद निघाला म्हणून उलटून पाहिला. मागच्या बाजूला राखाडी पिठासारखा थर होता, बोटाने पुसला तर बोटाला लागला. म्हणजे रंग सुटलाच नव्हता. रंगाने सिमेंटची साय घट्ट धरून ठेवली होती आणि ती सायच कोब्यापासून निघून आली होती. घोटताना वर येणारा हा कमकुवत थर मी दोन वर्षांपूर्वी घासून काढला नव्हता. झाडून, पुसून थेट रोलर फिरवला होता.

मग उत्तरेकडच्या भिंतीजवळ गेले. तिथे पोपडे नव्हते, फोड होते. सुईने एक फोडला तर आतून बुळबुळीत पाणी आलं आणि कडेला पांढरा लोणा दिसला. पोपड्याची मागची बाजू मात्र स्वच्छ, पीठ अजिबात नाही. इथे खालून आलेल्या ओलीने रंग उचलला होता.

जिन्याखाली त्याहून जुना ऑइलपेंट शिल्लक होता, माझ्या आधीच्या कुणीतरी लावलेला. तो सुटलेला नव्हता, पण नखाने दाबला की रुतत होता, मऊ आणि चिकट. काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते. ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. त्यात ओल मिळाली की तेलाच्या रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. जिन्याखाली तेच झालं होतं.

एका जमिनीवर रंग तीन वेगवेगळ्या कारणांनी गेला होता. डबा कोणता घ्यायचा हा प्रश्न आज बाजूला ठेवला. निघालेले पोपडे जागेची खूण करून पाकिटांत भरले.

१५ ते १९ सप्टेंबर

ओल तपासायची सोपी रीत म्हणजे प्लॅस्टिकची चाचणी, एएसटीएम डी ४२६३ हे अमेरिकी मानक. १८ इंच बाय १८ इंच पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवायचं, किमान १६ तास ठेवायचं आणि मग खाली पाणी जमलंय का, काँक्रीट काळपट झालंय का ते पाहायचं.

मी पहिल्यांदा दोन चुका केल्या. एक, कागदी मास्किंग टेप वापरली. ती धुळीवर धरत नाही, रात्रीत कडा सुटल्या आणि चाचणी फुकट गेली. दोन, एक तुकडा जुन्या रंगावरच लावला. रंगाखालची वाफ वर येणार कशी? दोन दिवस गेले. मग पाच जागा खरवडून, घासून उघड्या केल्या आणि चांगल्या चिकट टेपने चारही कडा दाबून बंद केल्या. १६ ऐवजी ४८ तास ठेवलं, कारण तळघरात सगळंच सावकाश होतं.

मध्यावरचे दोन तुकडे कोरडे निघाले. जिन्याजवळचा कोरडा, काँक्रीट किंचित गडद. उत्तरेच्या भिंतीजवळच्या दोन्ही तुकड्यांना आतून थेंब होते. इथे एक गोष्ट नीट बघावी लागते. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूचं पाणी जमिनीतून आलेलं असतं. वरच्या बाजूचं पाणी खोलीतल्या दमट हवेचं, थंड जमिनीवर जमलेलं. ते दुखणं वेगळं आहे, त्यावर उपाय हवा खेळती ठेवणं आणि डीह्युमिडिफायर.

२२ सप्टेंबर

प्लॅस्टिक ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतं, किती ते सांगत नाही. ओळखीच्या एका फरशीवाल्याकडून आर्द्रतेचा प्रोब दोन दिवसांसाठी आणला. रीत अशी की एकाच बाजूने सुकणाऱ्या काँक्रीटमध्ये जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडायचं, आतली धूळ काढायची, प्रोब बसवून तोंड बंद करायचं आणि २४ तासांनी आकडा घ्यायचा. माझ्याकडे ४ इंच जाडी, म्हणून ४० मिलिमीटर खोल भोकं.

मध्यावर ७१ टक्के. उत्तरेच्या भिंतीपासून २ फुटांवर ९३ टक्के. मला आवडलेल्या दोन भागांच्या इपॉक्सीच्या (दोन डबे मिसळून लावायच्या रंगाच्या) माहितीपत्रकावर मर्यादा ७५ टक्क्यांची होती.

२७ सप्टेंबर

आज रंगाला हातच लावला नाही. पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराला बाहेरून फेरी मारली. गच्चीच्या पन्हळीचा पाइप उत्तरेच्या भिंतीच्या अगदी पायाशी सुटत होता आणि तिथली माती भिंतीकडेच उतरती होती. छतावरचं सगळं पाणी मी स्वतः तळघराच्या कडेला पोचवत होते. ज्या जागी आत फोड होते, बरोबर त्याच जागी बाहेर डबकं होतं.

दादा आला. पाइप भिंतीपासून २ मीटर लांब नेला, माती उलट उताराची करून ठोकली. दिवस गेला, पाठ धरली.

दादा म्हणाला, “अगं, एवढा खटाटोप कशाला? वॉटरप्रूफ रंग मिळतो ना, तो आतून मारून टाक.”

“दादा, पाणी खालून ढकलतंय. वरून कितीही जाड रंग लाव, ते त्याला खालून उचलणारच. तो फोड तू बघितलास ना?”

त्याने तो फोडलेला फोड परत बोटाने दाबून पाहिला आणि गप्प फावडं उचललं.

४ ऑक्टोबर

कोबा खडबडीत करण्यासाठी आम्लाचा प्रयोग एका कोपऱ्यात केला. हायड्रोक्लोरिक आम्ल, एक भाग आम्ल दहा भाग पाण्यात. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. गॉगल, रबरी मोजे, आम्लाच्या वाफेसाठीचा मास्क आणि दोन्ही खिडक्या उघड्या, एवढी तयारी होती. तरीही मी हा मार्ग सोडला आणि तळघरात कुणालाच सुचवणार नाही.

पहिलं कारण म्हणजे आम्ल काँक्रीटला खातं, रंगाला नाही. जुना रंग जिथे शिल्लक होता तिथे काहीच झालं नाही. दुसरं, आम्ल निष्प्रभ करायला सोड्याचं पाणी, मग तीनदा धुणं. आठवडाभर जी जमीन सुकवत होते तिला मीच बादल्यांनी पाणी पाजलं. तिसरं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. १० फूट लांब ठेवलेल्या रंध्यांच्या पात्यांवर आणि करवतीच्या बिडाच्या टेबलावर तांबूस गंज चढला होता. आम्लाच्या वाफा कुठवर जातात ते तेव्हा कळलं. पाती घासण्यात एक संध्याकाळ गेली, टेबलावरचा एक डाग अजून आहे.

९ ऑक्टोबर

आता डब्यांकडे वळले. चार रात्री माहितीपत्रकं वाचली. माझ्या जमिनीपुरता निवाडा असा.

ऑइलपेंट बाद. जिन्याखालचा साबण पुरेसा आहे.

पाण्याचा ॲक्रिलिक फ्लोअर पेंट लावायला सोपा, वास कमी आणि वाफ बऱ्यापैकी बाहेर जाऊ देतो. ओलसर जमिनीवर तो इपॉक्सीपेक्षा जास्त दिवस जगू शकतो, हे खूप जणांना उलटं वाटतं. पण घासला की झिजतो. माझ्याकडे जड टेबलं सरकतात, लोखंडी पाय घासतात. सामान ठेवायच्या खोलीसाठी मी हाच घेतला असता.

‘एक भागाचा इपॉक्सी’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक रंगच असतो, त्यात इपॉक्सीचा थोडा अंश. दोन वर्षांपूर्वी मी डब्यावरचा ‘इपॉक्सी’ हा शब्द वाचूनच तो आणला होता. खऱ्या इपॉक्सीचे दोन डबे असतात, एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि ती थांबवता येत नाही. एकाच डब्यात वर्षभर पातळ राहतो तो तसा कडक होणार नाही.

दोन भागांच्या इपॉक्सीत पाण्याचा आणि १०० टक्के घन असे दोन प्रकार मी धरले. फरक जाडीत आहे. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला की ओला थर १०० मायक्रॉनचा होतो, हे साधं गणित. त्यात घन भाग ५० टक्के असेल तर सुकल्यावर ५० मायक्रॉन उरतात. १०० टक्के घन असेल तर जेवढा पसरला तेवढाच उरतो. झीज सोसायला जाडी लागते. पण जाड थर वाफही तेवढीच अडवतो.

पॉलिअस्पार्टिक नावाचा आणखी एक रंग मिळतो, तो फार लवकर कडक होतो. हाताशी दोन माणसं आणि सराव असेल तर उत्तम, मी एकटी आहे. उन्हाने पिवळं पडणं हा इपॉक्सीचा मोठा दोष, पण माझ्याकडे एकच लहान खिडकी, म्हणून तो मी मोजला नाही.

आणि शेवटचा पर्याय, रंग न लावणं. लिथियम सिलिकेटचं द्रावण कोब्यात मुरतं, आतल्या मोकळ्या चुन्याशी क्रिया करून पृष्ठभाग टणक करतं आणि धूळ सुटणं कमी करतं. वर पापुद्रा राहत नाही, म्हणून उचलायला ओलीला काही सापडत नाही.

निर्णय आज घेतला नाही. हात-ग्राइंडरने सहा चौकोन घासले, प्रत्येकी २ फूट बाय २ फूट, तीन मध्यावर आणि तीन भिंतीजवळ. दोन्हीकडे ॲक्रिलिक, अस्तरासह १०० टक्के घन इपॉक्सी आणि सिलिकेट लावलं. तीन आठवडे हात लावायचा नाही असं ठरवलं.

३० ऑक्टोबर

तीन आठवडे वाया गेले असं रोज वाटत होतं. आज ते वाटणं गेलं.

मध्यावरच्या इपॉक्सीवर कटरने उभ्या-आडव्या चिरा पाडल्या, टेप दाबून झटक्यात ओढली. टेपवर काही आलं नाही. ॲक्रिलिकचे दोन बारीक चौकोन सुटले. भिंतीजवळ इपॉक्सीवर टाचणीच्या डोक्याएवढे फोड, तिरप्या उजेडात मोजले तर सतरा. तिथलं ॲक्रिलिक शाबूत, पण कडेला पांढरी रेघ. सिलिकेटच्या चौकोनावर थोडा लोणा, तो ब्रशने निघाला.

प्रोबचे नवे आकडे आले, मध्यावर ७० आणि भिंतीजवळ ८४. पाइप हलवल्याने नऊ टक्के उतरले, पण ७५ खाली आले नाहीत.

८४ टक्क्यांवर चालणारं जाड ओलरोधक इपॉक्सी अस्तर मिळतं. ते मी पाहिलं आणि सोडलं. सगळ्या जमिनीच्या रंगाहून ते एकटंच महाग पडत होतं. शिवाय तिथे फक्त लाकडाच्या घोड्या उभ्या राहतात, चाकं फिरत नाहीत. म्हणून ठरलं असं की उत्तरेच्या भिंतीलगतची ४ फूट रुंद पट्टी फक्त सिलिकेटवर सोडायची, उरलेल्या ३९२ चौरस फुटांवर, म्हणजे ३६ चौरस मीटरवर, पाण्याचं इपॉक्सी अस्तर आणि वर १०० टक्के घन इपॉक्सीचे दोन हात.

जमीन दोन रंगांची दिसणार याचं थोडं वाईट वाटलं. भिंतीजवळचे सतरा फोड परत पाहिले आणि मन पक्कं केलं.

५ ते ८ नोव्हेंबर

घासाई. चार दिवस, दोन दिवसांचा अंदाज होता.

आधी जुन्या रंगात शिसं आहे का ते तपासून घेतलं, नव्हतं. असतं तर कोरडं घासलंच नसतं. जुन्या टाइल्सखालचा काळा चिकट थर असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तोही तपासल्याशिवाय घासू नका.

भाड्याचं उभं ग्राइंडर, हिऱ्याच्या सेगमेंटची चकती. पहिल्या तासात जिन्याखाली गेले आणि फसले. मऊ झालेला ऑइलपेंट उष्णतेने वितळून हिऱ्यांवर बसला, चकती कापेनाशी झाली, नुसती घसरायला लागली. ती खडबडीत विटेवर फिरवून मोकळी करावी लागली. मऊ रंग आधी हाताने खरवडायला हवा होता. तेवढ्यात अर्धा दिवस गेला.

कडेला हात-ग्राइंडर वापरताना तो किंचित तिरका धरला गेला आणि अर्धगोल ओरखडे पडले. तेव्हा वाटलं, रंगाखाली झाकतील. झाकले नाहीत. चकचकीत इपॉक्सी खालची प्रत्येक रेघ दाखवतो. पूर्वेच्या कडेला आजही चंद्रकोरींची रांग दिसते.

काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात राहते. ग्राइंडरला झाकण, झाकणाला हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आणि तोंडावर नीट बसणारा रबरी मास्क. साधा कापडी रुमाल बांधून हे काम करू नका.

शेवटी पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरसारखा लागला. पाण्याचे थेंब सगळीकडे टाकले. अर्ध्या मिनिटात मुरले, फक्त लेथच्या जुन्या जागी मोत्यासारखे उभे राहिले. तिथे तेल खोल गेलं होतं. तेलकट डाग काढणारं अल्कली द्रावण, ताठ ब्रश, पाणी लगेच व्हॅक्यूमने उचलणं. असं तीनदा केल्यावर थेंब मुरला.

१० नोव्हेंबर

केसाएवढ्या दोन भेगा इपॉक्सीच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरल्या. खोलीच्या मधोमध कापलेला सांधा आहे. तोही मी त्याच लांबीने भरला, कारण सलग जमीन हवी होती. ही चूक, तिची नोंद पुढे फेब्रुवारीत आहे.

पट्टीच्या हद्दीवर ६ मिलिमीटर खोल खाच मारली. इपॉक्सीची कड उघडी सोडली तर तिथून उचकटते. खाचेत उतरवली की धरून राहते.

१४ नोव्हेंबर

अस्तर. हिशोब ८ चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे साडेचार लिटर. लागलं सहा लिटर. ताजा घासलेला कोबा तहानलेला असतो. अस्तर दीडपट आणा.

हार्डनर अंगाला लागू देऊ नका. मोजा आणि बाही यांच्या मधल्या दोन बोटं जागेत मला लागलं आणि तीन दिवस मनगट लाल होतं. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, असं मला हे काम करणाऱ्या दोघांनी निक्षून सांगितलं. तेव्हापासून लांब नायट्राइलचे मोजे आणि त्यावर टेप.

१५ नोव्हेंबर

पहिला हात. थर १५० मायक्रॉनचा, ३६ चौरस मीटरला ५.४ लिटर. दोन हातांना १०.८, म्हणून १२ लिटर आणला होता.

पहिलं मिश्रण छान गेलं. दुसरं मिसळलं, तेवढ्यात वर दाराची घंटा वाजली. मी बादली तशीच ठेवून गेले. सात-आठ मिनिटांनी आले तर बादली बाहेरून हाताला चटका देत होती आणि मिश्रण मधासारखं घट्ट झालं होतं. आणखी थोड्या वेळात धूर निघाला. बादली उचलून अंगणात ठेवली. दोन लिटर गेले.

ही क्रिया उष्णता सोडते. बादलीत मिश्रण गोळा असतं तेव्हा उष्णतेला वाट नसते, ती क्रियेला आणखी पळवते. तेच मिश्रण जमिनीवर पातळ पसरलं की गार राहतं आणि बराच वेळ हाताळता येतं. म्हणून मिसळलं की लगेच सगळं जमिनीवर लांब धारेत ओतायचं, मग रबरी खरवडणीने ओढायचं, मग रोलर. घंटा वाजू द्यावी.

दुसरी चूक लहान, पण त्रासदायक. ओतून झाल्यावर बादली उपडी करून कडेचं खरवडून घेतलं. कडेला चिकटलेलं नीट मिसळलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी बरोबर तिथे तळहाताएवढे दोन डाग चिकट राहिले. खरवडले, स्पिरिटने पुसले, परत भरले. मिसळून झालं की दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा मिनिटभर ढवळलं तर हा प्रकार टळतो. पुढच्या वेळी तसंच केलं.

१७ आणि १८ नोव्हेंबर

दुसऱ्या हाताला माल कमी पडत होता. चार लिटरचा नवा संच आणला. तो वेगळ्या लॉटचा निघाला, छटा किंचित फिकी. उरलेला जुना आणि नवा एकत्र करून घ्यायला हवं होतं. मी आधी जुना संपवला, मग नवा उघडला. आता दक्षिणेच्या बाजूला, टेबलाखाली, एक पुसट सीमा दिसते.

खरा फटका रात्री बसला. हवा गार झाली. दादा काळजीने गॅसवर चालणारा हीटर घेऊन आला, “रात्रभर उबेत राहू दे, चांगला सुकेल.” मलाही पटलं. सकाळी जमीन मंद, दुधाळ, हाताला मेण लावल्यासारखी बुळबुळीत.

गॅस जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ दोन्ही सोडतो. हार्डनरमधली अमाइन्स पृष्ठभागावर नेमकी त्यांच्याशीच क्रिया करतात आणि हा मेणचट थर येतो. मोजमाप नंतर केलं : खोलीची हवा १७ अंश, आर्द्रता ८० टक्के, म्हणजे दवबिंदू साडेतेरा अंश. जमीन १४ अंश. जमीन दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवी, माझी अर्धा अंश वर होती. हीटर नसता तरी बिघडलंच असतं.

मेणचट थर तसाच घासला तर तो पेपरात आणि रंगात पसरतो. आधी कोमट साबणाच्या पाण्याने ब्रश मारून धुतलं, दोनदा साध्या पाण्याने, सुकवलं, मगच पॉलिश पेपर. दीड दिवस गेला.

२१ नोव्हेंबर

विजेचा हीटर आणि डीह्युमिडिफायर दोन दिवस आधीपासून चालू ठेवले. जमीन १९ अंश, आर्द्रता ५० टक्के. आणखी एक पातळ हात दिला, त्यासाठी परत चार लिटरचा संच. जिन्याच्या पायथ्याशी ओल्या रंगावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण भुरभुरले. पहिल्या मुठीत जास्त पडले, तिथे पोछा अडकतो. मीठ भुरभुरतो तसं, वरून आणि लांबून टाकावं.

सकाळी गुळगुळीत, कडक, चकचकीत. खिडकीचा उजेड जमिनीत दिसत होता. पायऱ्यांवर बसून बराच वेळ नुसती बघत राहिले.

२८ नोव्हेंबर

सात दिवस पूर्ण झाल्यावरच टेबलं आत घेतली. चालायला २४ तास पुरतात, जड वजनाला नाही.

हिशोब असा : अस्तर ६ लिटर, इपॉक्सी २० लिटर आणला, त्यातला २ लिटर बादलीत गेला आणि साधारण ४ लिटर मेणचट थरापायी जास्तीचा लागला. सिलिकेट ३ लिटर. प्रत्यक्ष रोलर हातात होता ते दिवस चार. तयारी, तपासण्या आणि चुका निस्तरणं यांत अकरा आठवडे.

९ फेब्रुवारी

मधल्या सांध्यावर इपॉक्सीला केसाएवढी सरळ चीर गेली आहे, १४ फूट लांब. काँक्रीट थंडी-उन्हाने हलतं आणि ते हलावं म्हणूनच तो सांधा कापलेला असतो. मी तो कडक लांबीने बांधून टाकला होता. आज कटर मशीनने तीच रेघ परत उघडली, धूळ काढली, तळाला फोमची दोरी बसवली आणि लवचिक पॉलियुरेथेन सीलंट भरलं. चार तासांचं काम, नोव्हेंबरात अर्ध्या तासाचं होतं.

१२ जुलै

पावसाचे पाच आठवडे झाले. उत्तरेच्या पट्टीवर एका जागी, दोन हातभर, लोणा फुलला आहे. झाडूने निघाला. इपॉक्सीवर टॉर्च जमिनीलगत आडवी धरून सगळी जमीन रांगत तपासली. फोड एकही नाही. खाचेतली कड जागेवर आहे. प्रोबचा आकडा मध्यावर ७२.

गेल्या आठवड्यात टेबलावरून पटाशी टोकावर पडली आणि नखाएवढा टवका उडाला. तो शोधून उचलला. सप्टेंबरचं पाकीट काढलं आणि जुना पोपडा शेजारी ठेवला. जुन्याच्या पाठीवर ते पीठ अजून आहे, पुसलं तर बोटाला लागतं. नव्या टवक्याच्या पाठीला वाळूचे चार कण आणि काँक्रीटची कपची चिकटून आली आहे. नखाने उचकटून पाहिली, निघाली नाही. खड्डा घासून, उरलेल्या इपॉक्सीने भरला.